तीन घोड्या अन् माझं पडीत

८ जुलै २०२५, मंगळवार

अंगणवाडीतून मोकळी झाली तेव्हा हे कोरं रजिस्टर माझ्या पिशवीत राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मीच ठेवलं. अठ्ठावीस वर्षं पोट्ट्यांची हजेरी, वजनं, खिचडी लिहिली. आता लिहायले काही नाही तर हात नुसता शिवशिवते. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं बाप्पा!

सकाळी मूर्तिजापूरचे अब्दुल रहीम आले. वरातीसाठी घोडी देतात ते. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव त्यांच्याच घोडीवर बसले आहेत. ओट्यावर बसून म्हणतात, "बाई, आखाडी झाली की लग्नं बंद, अन् आमचा धंदा बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत तीन घोड्यायले विकतचं कुटार चारा लागते. बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या रुळाजवळचं तुमचं तीन एकर पडीत हाय. गवत तं तिथं मस्त फुटून राह्यलं. चार महिने चराईनं देता का? रीतसर भाडं देतो."

मी साफ नाही म्हटलं. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, घरात नवी सून आली की पहिल्याच दिवाळीले सांगत, "परक्याचा खुंटा आपल्या वावरात रुतू देऊ नये. खुंटा रुतला की कूळ लागलं, अन् कूळ लागलं की वावर गेलं." त्यांच्या चुलतभावाचं सात एकर असंच हातून गेलं म्हणे. धनी जाऊन तीन वर्षं झाली, लेकरूबाळ नाही. हे तीन एकर आहे तेवढंच माझं. ते गेलं तर मी कोण?

पण रहीमभाईंनी एक घोडी संगं आणली होती. मोहर तिचं नाव, पांढरी सफेद, पोटुशी. मी "नाही, नाही" म्हणून राहिली अन् तिनं सुपातल्या ज्वारीत तोंड घातलं, खाल्लं, अन् माझ्या खांद्यावर फुर्र केलं! सगळं लुगडं भिजलं. मी हसता हसता कधी "हौ" म्हणून गेली, माझं मलेच समजलं नाही.

तोंडीच ठरलं. तुळशीचं लग्न झालं की जागा खाली. कागद नाही. कागद केला की कूळ लागते.

१० जुलै, गुरुवार

आल्या, आल्या! मोहर, नूरी अन् म्हातारी बेगम. रहीमभाईंची पोरगी सबीहा नूरीवर बसूनच आली, बिना खोगिराची. बावीस वर्षांची पोरगी, ओढणी कमरेले बांधलेली. रस्त्यावरचे सगळे दारात येऊन पाहून राहिले. मी फाटकाशी उभी, जशी काही वरात माझ्याकडेच येऊन राहिली.

पण मग काय गोंधळ झाला! आमच्याकडे धनगराची मेंढरं वावरात बसवली की मालक धनगराले पायलीभर ज्वारी देते. का, तर लेंडीखत आपल्या मातीत पडलं. सासूबाई द्यायच्या, मी देत आली. जनावर आलं म्हणजे ज्वारी द्यायची, एवढं मले माहीत. तर मी हळदकुंकू घेऊन, पायलीभर ज्वारी घेऊन गेली. रहीमभाईंनी खिशातून भाड्याचं पाकीट काढलं. मी म्हटलं, "हे कायचं?" ते म्हणतात, "भाडं. अन् हे कायचं?" मी म्हटलं, "तुमचा मान. द्यायचं तर मले लागते!"

"अवो बाई, गवत तुमचं, घोडी माही. मी देईन का तुमी?"

"लीद कोणाची? तुमच्या घोड्यांची. वावर कोणाचं? माझं. मग?"

सबीहा हसून हसून बेगमच्या गळ्यात पडली. शेवटी दोघांनीही दिलं अन् दोघांनीही घेतलं. दर महिन्याच्या दहा तारखेले असंच करायचं ठरलं. अंगणवाडीची खोड जात नाही, मी लगेच हे रजिस्टर उघडलं अन् सही घेतली.

ज्वारी, एक पायली. मिळाली. अब्दुल रहीम.
चराई, जुलैची. मिळाली. दुर्गा जानराव ठोंबरे.

पोषण आहार वाटला की सही पाहिजेच. सहीशिवाय मले झोप येत नाही.

२१ जुलै, सोमवार

रोज सकाळी पडीतात जाते. मोहरले माझा आवाज कळते आता. फाटकाची साखळी वाजली की तिचे कान उभे!

आज अकोल्याहून माझा पुतण्या ललित आला. दिराचा पोरगा, प्लॉटच्या खरेदी-विक्रीत असते. पेढे घेऊन आला, पाया पडला. धनी गेल्यावर माझे सगळे कागद तोच पाहते. तलाठ्याकडे चकरा नको म्हणून मुखत्यारपत्रही त्याच्याच नावानं करून दिलं मी. घोड्या पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू! कोनाले पुसून देली जागा? कूळ लागलं तं मंग?"

मी म्हटलं, कागद काही नाही बाबा, तोंडीच आहे. तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला. बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. "शेत माझ्या एकटीच्या ताब्यात असून त्यात कोणाचाही कब्जा नाही," असं लिहिलेलं. मी दोनदा वाचलं. खरंच तर आहे! सही केली. त्याच्यासंगं गॉगल लावलेला एक मित्र होता, हवा पाहायले आला म्हणे. तो पडीताच्या चारही धुऱ्या-बांधांवरून पावलं मोजत फिरला. शहरातल्या माणसाले चालायले जागा कुठे भेटते बिचाऱ्याले.

ललित माझी किती काळजी करते! पोटचा असता तरी एवढी केली नसती.

३ ऑगस्ट, रविवार

ललितचं खरं निघालं वाटते. चार दिवस तापानं घरीच होती, आज पडीतात जाऊन पाहते तर काय, चारही बाजूंनी नवीन तार! रहीमभाईंनी फुटक्या हौदाच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, काठ नवा बांधला, मोहरसाठी चार बल्ल्या गाडून टिनाचं छप्पर उभं केलं. अन् फाटकाजवळ बाभळीचा हा भल्ला मोठा खुंटा, बेगमले बांधायले. खुंटा! मामाजी डोळ्यासमोर उभे राहिले.

मी तिथंच तोंड सोडलं. "रहीमभाई, चार महिन्यांसाठी कोणी हौद बांधते का? मले बयताड समजता का? तुम्हाले कूळ लागायचं आहे!"

त्यांनी हातातली पहार खाली ठेवली. मोठ्यानं बोलले नाहीत, त्याचंच मले जास्त लागलं.

"बाई, माह्या बापाचा टांगा होता. शकुंतला गाडी येये तवा ठेसनाबाहेर आमची जागा ठरेल होती. गाडी बंद झाली, जागा गेली, कोनी इचारलं नाही. मागच्या साली एका मालकानं पडीत देल्लं अन् पंधराव्या दिवशी म्हने, उठा, इथं लेआउट पडते. भर पान्यात तीन घोड्या घेऊन रस्त्यावर उभा होतो मी. औंदा मोहर पोटाशी हाय. तिले मधातच हाकललं तं पिल्लू जाईन. तुमाले कुळाचं भेव, बाई, मले हाकलन्याचं. अन् घोडीले फुटक्या हौदातलं पानी पाजाचं का मंग?"

मी फाटकातून बाहेर पडली. घरी आली. फुटक्या हौदाचं मलेच कधी सुचलं नव्हतं, तीन वर्षं तो तसाच होता. पण खुंटा तो खुंटाच. एवढं भोळं होऊन चालत नाही.

१० ऑगस्ट

ज्वारी, एक पायली. मिळाली. अब्दुल रहीम.
चराई, ऑगस्टची. मिळाली. दुर्गा जानराव ठोंबरे.

दोघंही एकमेकांशी बोललो नाही. मोहरनं मात्र माझ्या पदराचं टोक खाल्लं.

२२ ऑगस्ट, पोळा

अबोला गेला! पोळ्यानंच घालवला. धन्यांच्या मागं बैल विकले, तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी मी दार लावून बसते. यंदा सबीहाच दारात. "खाला, बैल नाहीत तं काय झालं? चला ना!"

मी पुरणाची पोळी घेऊन गेली. रहीमभाईंनी वरातीच्या झुली काढल्या होत्या, जरीच्या, आरशाच्या. तिन्ही घोड्या सजून उभ्या! मी ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. पोळ्यातून परतणारे लोक तारेजवळ थांबले. एक जण म्हणते, "दुर्गाबाई, बैलाच्या सनाले घोड्या?" मी म्हटलं, "तुह्या बैलाले आरशाची झूल हाय का? नाही ना? मंग चाल पुढं." सगळे फिदीफिदी हसले.

मग सबीहानं मले बेगमवर बसवलं. एकोणसाठ वर्षांची मी, नववारी नेसून! पहिले डोळे मिटले, मग उघडले. वरून माझं पडीत पहिल्यांदा पूर्ण दिसलं, रुळापासून लिंबापर्यंत. इतकं मोठं आहे ते? मी रडली जराशी. सबीहाले वाटलं भेली. भेली नव्हती मी.

८ सप्टेंबर, सोमवार

मूर्तिजापूरले दीक्षा वकिलाकडे गेली. माझ्याच अंगणवाडीतली पोट्टी, खिचडीतले वाटाणे वेचून फेकायची, आता काळा कोट घालते. रहीमभाईच म्हणाले होते, "बाई, तुमालेही भेव, मलेही भेव, तं कोनाले तरी पुसून घ्या."

दीक्षा म्हणते, "बाई, भीती तोंडी व्यवहाराची बाळगा, कागदाची नाही. कागदात लिहू ना सगळं. जागा फक्त चराईले, नांगर लावायचा नाही. घोड्या किती ते. कधी यायचं, कधी जायचं ते. तार, छप्पर त्यांचं, जाताना काढून न्यायचं. मुदतीच्या आत तुम्ही हाकलायचं नाही, मुदत संपली की त्यांनी अडून बसायचं नाही. माझ्या मतानं यात दोघांचंही रक्षण आहे."

मले पटलं. पण मग तिनं बाकीचे कागद मागितले. मी ललितनं दिलेली पिशवीच पुढं केली. कब्जा नसल्याच्या कागदाची झेरॉक्स पाहून ती थांबली. "बाई, हे कोणी करवून घेतलं? जागा विकायची असली की घेणारा असा कागद मागते. मुखत्यारपत्रात काय काय लिहिलं आहे, वाचलं होतं का तुम्ही?"

असा राग आला मले! म्हटलं, "दीक्षा, तू वाटाणे फेकायची तेव्हापासून ललित माझ्या घरात येते. घरच्या माणसावर शक घ्यायचा नाही." करार तसाच टेबलावर सोडून बसमध्ये बसली. कायदा शिकला की माणूस सगळ्यांकडे चोर म्हणूनच पाहते.

ललितले फोन केला, मन हलकं करायले. "दसऱ्याआधी त्याले हुसकून लावा काकू," म्हणे, "नाहीतर हातचं वावर जाईल." पाहा, किती काळजी.

१० सप्टेंबर

ज्वारी, एक पायली. मिळाली. अब्दुल रहीम.
चराई, सप्टेंबरची. मिळाली. दुर्गा जानराव ठोंबरे.

रहीमभाईंनी विचारलं, "करार झाला का?" मी म्हटलं, "पाहू." मले त्यांच्याकडे पाहता आलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

रात्रीचे अकरा वाजले. तरी लिहितेच.

सकाळी सबीहा पळत आली. "खाला, मोहरचे दिवस भरले, आजच व्याते वाटते! अन् तिकडे मानसं तार तोडून राह्यले!" मी पुरावा म्हणून रजिस्टर मुद्दाम उचललं... नाही, खोटं कशाले लिहू, काल रात्रीचं लिहायचं राहिलं म्हणून ते हातातच होतं. तसंच घेऊन धावली.

पडीतात ललित. तो गॉगलवाला. दोन माणसं पक्कड घेऊन. फाटकाच्या आत रहीमभाई, मोहरच्या छपराकडे पाठ करून उभे.

"बाईनं शब्द देल्ला हाय," ते म्हणून राहिले. "तुळशीच्या लग्नापर्यंत. घोडी व्याले बसली. आज मी हलत नाही."

ललितनं खिशातून माझ्याच सहीचा कागद काढला. "हे पाहा. मालकीणच लिहून देते का कोनाचा कब्जा नाही. हा मानूस घुसला इथं. काकू, सांगा यायले. एका शब्दाचं काम हाय. याले जागा देली नाही म्हना, नाहीतर कूळ लागलंच समजा."

खरं सांगते, माझ्या जिभेवर "नाही" आलं होतं. मामाजी, सात एकर, खुंटा, सगळं डोक्यात घुमलं. एक शब्द बोलला की मोकळी! तेवढ्यात गॉगलवाला मोठ्या अदबीनं म्हणते, "मावशी, खरेदी दसऱ्याच्या मुहूर्तावरच करू ना मग? इसार तं ललितभाऊले कधीचाच देला."

"कायची खरेदी?" मी विचारलं.

"अवो, हे तीन एकर. तुमी सोता विकून राह्यल्या म्हने."

मी ललितकडे पाहिलं. तो तारेकडे पाहून राहिला. मी हौदाच्या काठावर बसली. रहीमभाईंनी बांधलेला काठ, पक्का. दीक्षा काय सांगून राहिली होती ते आता कळलं. पावलं मोजणारा माणूस, पेढे, कागद, सगळं कळलं. वावर जाणार होतं ते खुंट्यापायी नाही, माझ्याच सहीपायी.

मी रजिस्टर उघडलं. अंगणवाडीत वाचायची तसं, मोठ्यानं वाचलं. "दहा जुलै. ज्वारी, एक पायली. मिळाली. अब्दुल रहीम. चराई, जुलैची. मिळाली. दुर्गा जानराव ठोंबरे." ऑगस्ट वाचला. सप्टेंबर वाचला. "जागा मी देली. माझ्या तोंडानं देली, माझ्या सहीनं देली. तो कागद सही केला तेव्हाही ह्या घोड्या इथंच चरून राहिल्या होत्या. अन् विकायचं मी कोणाले बोलली नाही."

पान उलटताना एकवीस जुलै मधात आलं. तेही वाचलं, मुद्दाम वाचलं. "ललित माझी किती काळजी करते! पोटचा असता तरी एवढी केली नसती."

ललितनं मान खाली घातली. गॉगलवाल्यानं गॉगल काढला, माणसांना पक्कड ठेवा म्हणाला. "भानगडीचं वावर हाय, ललितभाऊ. माहा इसार वापस करा." गाडी वळवून गेला. ललित माझ्याकडे न पाहता त्याच्यामागं गेला. लहानपणी तो असाच जायचा, काही फोडलं की.

अन् मोहर? एरवी घोडी अंधारातच व्याते म्हणे. हिनं फटफटीत दुपारी, माणसं पांगली न पांगली तोच! सबीहा ओरडली, मी पळाली. पहिले दोन खूर, मग तोंड, मग सगळंच्या सगळं पिल्लू, ओलंचिंब, काळं कुळकुळीत! पांढऱ्या मायचं काळं पिल्लू! घंटाभरात ते चार पायांवर उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. रहीमभाई रडून राहिले, मी रडून राहिली, सबीहा दोघांना हसून राहिली. आजच्या दिवसात मले पुतण्या गेल्याचं दुःख करायचं होतं. जमलंच नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

दीक्षाची माफी मागितली. "वाटाणे फेकायची ते माफ केलं, आता तू मले माफ कर." तिनं पहिले मुखत्यारपत्र रद्द करायचा कागद केला, ललितले नोटीस धाडली. मग आमचा करार. जुलैपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, ठरलं होतं तसंच.

रहीमभाई म्हणाले, "ज्वारीचं लिहा." दीक्षा म्हणते, "हे कुठं असते का? मालक भाडेकऱ्याले देते?" आम्ही दोघं एकदमच बोललो, "असते!" लिहिलं तिनं, नवव्या कलमात. रजिस्टर वाचता वाचता तिनं तीन ऑगस्टचं पान रहीमभाईंपुढे धरलं, मी किती शरमली! "बयताड" वाचून ते म्हणतात, "बाई, हे सही न घेताच लिहेल हाय." अन् स्वतःच्या हातानं त्याखाली सही केली.

ललितचा फोन नाही. वाईट वाटते. खोटं कशाले लिहू, लय वाईट वाटते.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न लागलं. आज सकाळी रहीमभाई आले, बोलल्याप्रमाणे. मी म्हटलं नव्हतं की आजच निघा. पण कराराचा माणूस. तार गुंडाळली, छप्पर उतरवलं, बल्ल्यांचे खड्डे मातीनं भरून पायानं दाबले. हौद तेवढा राहू दिला. "सिमेंट उपटता येत नाही, बाई, कोर्टात सांगजा." त्यांच्या डायरीत डिसेंबरपर्यंत वराती लागलेल्या आहेत. नूरी पुढं, बेगम मागं, मोहरच्या पोटाशी चिकटून पिल्लू. सबीहानं त्याचं नाव पडीत ठेवलं आहे. घोड्याचं नाव पडीत! मी हसून हसून बेजार.

गेल्यावर फाटकात उभी राहिली. तीन एकर मोकळं, कोणाचं छप्पर नाही, कोणाची तार नाही, कोणाचा कब्जा नाही. चार महिन्यांपूर्वी याचसाठी जीव टाकत होती मी. आता पाहवत नव्हतं.

साखळी लावताना दिसलं, बेगमचा खुंटा तसाच. बाभळीचा, दोरीच्या घसाऱ्यानं गुळगुळीत झालेला. फोन केला तर रहीमभाई बसस्टँडच्या गर्दीतून ओरडून म्हणतात, "अरे बापरे! राह्यलाच तो! तुमाले खुंट्याचं भेव, बाई, माहीत हाय मले. उद्या सकाळीच येतो अन् उपटून नेतो."

मी म्हटलं, "थांबा जरा," अन् फोन हौदावर ठेवला. पाहिलं तर खुंटा हलून राहिला होता, पावसानं मुळाशी माती सैल झालेली. रुळाजवळून दोन्ही हातांत मावेल असा दगड आणला अन् दणादण घाव घातले, खुंटा वीतभर आणखी खाली जाईपर्यंत. मग फोन उचलला.

"ऐकू आलं का?"

"हौ. काय करून राह्यल्या, बाई?"

"पुढच्या आखाडीची तयारी," मी म्हटलं.